सर्पिल लाटा पहिल्यांदा अभ्यासताना: चक्री उमटवायची कशी आणि ती मोडते कुठे

सर्पिल लाट म्हणजे एका बिंदूभोवती शंखासारखी वळत फिरणारी लाट, आणि अशा एका फिरत्या आकृतीला मी चक्री म्हणतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हा विषय घेतला, तेव्हा रत्नागिरीत मला हे हात धरून शिकवणारं कोणी नव्हतं. मॅडमचा विषय वेगळा होता, तरी त्या माझ्याबरोबर वाचत बसायच्या. पेपर वाचले की समीकरणं कळायची. पण संगणकासमोर बसल्यावर पहिलं पाऊल कुठलं टाकायचं, आणि पडद्यावर दिसतंय ते खरं की आपल्या कोडची चूक, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते शोधण्यात माझे चार महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

दापोली, चिपळूण, कणकवली, मालवण, कुठल्याही कॉलेजातल्या भौतिकशास्त्र, गणित किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जमेल असंच सगळं लिहिलं आहे. महागडी सामग्री लागत नाही.

आधी हे जवळ ठेवा

- साधा लॅपटॉप, चार जीबी रॅम पुरते. पायथॉन, नमपाय आणि मॅटप्लॉटलिब टाकून घ्या. लॅपटॉप नसेल तर गूगल कोलॅब चालतं, पण ते मोकळं सोडलं की मध्येच तुटतं.
- जाड वही. प्रत्येक रनची नोंद हातानेच करायची.
- पेन ड्राइव्ह. मृगापासून पुढे आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर काही हजार पावलांनी आकडे फाईलमध्ये उतरवणारी ओळ कोडमध्ये पहिल्या दिवशीच घाला.
- रासायनिक प्रयोगही करायचा असेल तर रसायनशास्त्र विभागप्रमुखांची लेखी परवानगी, रसायनांची मागणी-चिठ्ठी आणि शेजारी उभे राहतील असे शिक्षक.

पायरी १: तुमचं माध्यम कुठल्या जातीचं ते ठरवा

नवख्यांचा इथेच पहिला घोळ होतो. सर्पिल लाटा दोन प्रकारच्या माध्यमांत उमटतात आणि पुस्तकं बरेचदा एका प्रकरणात दोन्हींबद्दल बोलतात.

पहिलं माध्यम उत्तेजनक्षम. सड्यावरचं वाळलेलं गवत डोळ्यांसमोर आणा. आपणहून ते पेटत नाही. ठिणगी पडली की आगीची रेघ पुढे सरकते आणि मागे राख उरते. त्या राखेवर पुन्हा गवत उगवेपर्यंत आग येऊ शकत नाही. हृदयाचा स्नायू बराचसा असा वागतो.

दुसरं माध्यम दोलायमान. इथला प्रत्येक बिंदू आपल्याच ठेक्यावर सतत चालू असतो, ठिणगीची वाट बघत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या झाडावरचे काजवे लुकलुकतात तेव्हा प्रत्येकाचा ठेका स्वतःचा असतो, पण शेजाऱ्याकडे बघून तो थोडा पुढेमागे होतो. अशा असंख्य दोलकांचं सपाट माध्यम कल्पा. शेजाऱ्याशेजाऱ्यांतला फरक रांगेने सरकत गेला की लाट दिसते. दोलक आपल्या आवर्तनात कुठे पोचला आहे ती त्याची फेज. एखाद्या बिंदूभोवती पूर्ण फेरी मारताना फेज बरोबर एक आवर्तन पुढे गेली, तर त्या बिंदूला स्वतःची अशी फेज ठरवताच येत नाही. तिथे दोलनाचा आयाम, म्हणजे झोक्याचा आकार, शून्यावर येतो. तोच चक्रीचा गाभा.

हा लेख दुसऱ्या माध्यमाबद्दल आहे. पहिलं माध्यम पायरी ७ आणि ८ मध्ये थोडं येईल.

आणखी एक गोष्ट आत्ताच डोक्यातून काढा. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीला पाण्याचे भोवरे दिसतात, ती सर्पिल लाट नव्हे. भोवऱ्यात पाणी स्वतः फिरतं. सर्पिल लाटेत द्रव्य जागच्या जागी असतं, फिरते ती फक्त अवस्था. माझ्या पहिल्या सादरीकरणात मी मुखपृष्ठावर भोवऱ्याचा फोटो लावला आणि पुढची दहा मिनिटं सगळे प्रश्न पाण्याच्या प्रवाहावरच आले.

पायरी २: एकच समीकरण धरा

वेगवेगळी रासायनिक मॉडेलं बघून बावरू नका. कुठलीही प्रणाली नुकती दोलायला लागलेली असते, म्हणजे स्थिर अवस्था सुटून लहान आयामाचं दोलन सुरू होतं, तेव्हा तिचं वर्णन एकाच समीकरणात बसतं. ते कॉम्प्लेक्स गिन्झबर्ग-लँडाऊ समीकरण. मोजमापं सोयीची करून घेतली की त्यात दोनच आकडे उरतात, अल्फा आणि बीटा:

अ च्या बदलाचा वेग = अ + (१ + आय·अल्फा) × (अ चा लाप्लासियन) − (१ + आय·बीटा) × |अ|² × अ

इथे अ ही प्रत्येक बिंदूवरची संमिश्र संख्या आणि आय म्हणजे वजा एकचं वर्गमूळ. |अ| हा दोलनाचा आयाम, आणि अ चा कोन ही फेज. उजवीकडचं पहिलं पद दोलन वाढवतं, शेवटचं त्याला आवर घालतं, मधलं शेजाऱ्यांना जोडतं. आयाम वाढला की ठेका किती बदलतो ते बीटा सांगतं. लाटेची वळणं दाट झाली की ठेका किती बदलतो ते अल्फा सांगतं.

साधी सपाट लाट या समीकरणात घालून बघा. तरंगसंख्येला क म्हणू. तीन-चार ओळींत दोन निकाल येतात:

|अ|² = १ − क²
कोनीय वारंवारिता = बीटा + (अल्फा − बीटा) × क²

हे हाताने काढल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढची प्रत्येक तपासणी या दोन ओळींवर उभी आहे. गाभ्यापासून दूर गेल्यावर चक्रीचा हात जवळजवळ सपाट लाटच असतो. क किती ते आपण निवडत नाही, गाभा ठरवतो. गाभ्याभोवती फेज एकदाच फिरते अशा चक्रीची तरंगसंख्या दिलेल्या अल्फा-बीटाला एकच असते.

पायरी ३: जाळी आणि वेळेचं पाऊल

२५६ गुणिले २५६ बिंदूंची जाळी घ्या, बिंदूंमधलं अंतर ०.५. म्हणजे पेटीची बाजू १२८. लाप्लासियनसाठी चार शेजाऱ्यांची बेरीज, त्यातून मधल्याची चौपट वजा, आणि अंतराच्या वर्गाने भागाकार. वेळेत पुढे जायला सरळ ऑयलरची पद्धत सुरुवातीला पुरते.

वेळेचं पाऊल मात्र अंदाजाने घेऊ नका. या पद्धतीत ते (अंतराचा वर्ग) ÷ (४ × (१ + अल्फा²)) यापेक्षा लहान हवं. अल्फा शून्य असेल तर ही मर्यादा ०.०६२५ येते आणि ०.०२ चं पाऊल व्यवस्थित चालतं. अल्फा २ केला की मर्यादा एकदम ०.०१२५ वर उतरते. जुनंच ०.०२ ठेवलंत तर काही पावलांत पडदाभर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट उमटते आणि मग आकडे फुटतात. मी ती चौकट नवा आकृतिबंध समजून दोन दिवस वहीत तिची चित्रं काढत होतो. जाळीच्या एका घराइतक्या मापाचं काहीही दिसलं की आधी पाऊल चौथाई करून बघा.

कडांचं काय करायचं हेही आत्ताच ठरवा. नमपायमध्ये रोल वापरून शेजारी घेतले की डावी कड उजवीला आणि वरची खालच्या कडेला आपोआप जोडली जाते. अशा पेटीत एकटी चक्री राहूच शकत नाही. डावीकडे फिरणाऱ्या आणि उजवीकडे फिरणाऱ्या गाभ्यांची संख्या कायम समसमान असते. एकच चक्री हवी असेल तर कडेच्या बिंदूचं मूल्य बाहेर तसंच चिकटवून प्रवाहशून्य कड करा.

पायरी ४: पहिली चक्री

अल्फा ० आणि बीटा १ घ्या. सुरुवातीला प्रत्येक बिंदूवर ०.१ इतक्या लहान मापाची, कुठल्याही कोनाची यादृच्छिक संमिश्र संख्या टाका आणि चालू करा. फेजचं चित्र रंगचक्राच्या रंगपट्टीत काढा, जिचे दोन्ही टोकांचे रंग एकच असतात. साधी रंगपट्टी वापरली तर फेज उलटते तिथे खोटी धारदार रेघ दिसते आणि डोळा तिच्यावरच अडकतो. शेजारी |अ| चं वेगळं चित्र ठेवा.

आधी गोंधळ दिसेल, मग |अ| च्या चित्रात शेकडो काळे ठिपके, म्हणजेच गाभे. विरुद्ध जोड्या एकमेकांना भेटून नाहीशा होत जातात आणि शेवटी काही चक्र्या उरतात. प्रत्येकीचं आपलं राज्य असतं. दोन चक्र्यांचे हात जिथे भिडतात तिथे |अ| च्या चित्रात उजळ रेघ दिसते. सड्यावरच्या शेतांच्या जांभ्याच्या गडग्यांसारखं, म्हणजे दगडी कुंपणांसारखं ते जाळं दिसतं. मोठ्या चक्र्या गडग्याने बांधलेल्या, आणि त्या कोपऱ्यांत हात नसलेले काही गाभे नुसते अडकून बसलेले.

आता तो प्रश्न, ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं. अल्फा ०, बीटा १ ला चलचित्र नीट बघा. शिखरं बाहेर जात नाहीत, ती गाभ्याकडे आत येतात. मी कोडमधली सगळी चिन्हं चार वेळा तपासली. चिन्हं बरोबरच होती.

उत्तर पायरी २ मधल्या दुसऱ्या ओळीत आहे. शिखराचा वेग म्हणजे वारंवारिता भागिले क. पण लाटेवरचा धक्का, म्हणजेच माहिती, गटवेगाने जाते आणि तो येतो २ × क × (अल्फा − बीटा). गाभा हा उगम आहे, त्यामुळे गटवेग नेहमी बाहेरच्या दिशेने असतो. अल्फा ०, बीटा १ ला या दोन वेगांची चिन्हं विरुद्ध येतात, म्हणून गटवेग बाहेर तर शिखरं आत. खात्री करायला अल्फा २, बीटा ०.५ घ्या आणि पाऊल लहान करायला विसरू नका. आता दोन्ही वेग एका दिशेला येतात आणि शिखरं बाहेर जाताना दिसतात. शिवाय हे समीकरण प्रणालीचा मूळ ठेका वजा करून लिहिलेलं असतं, म्हणून पडद्यावरची शिखरांची दिशा म्हणजे प्रयोगातली दिशा असं धरू नका. आत येणाऱ्या सर्पिल लाटा खऱ्या रसायनातही दिसल्या आहेत. व्हानाग आणि एपस्टाइन यांनी २००१ साली सूक्ष्म थेंबांच्या मिश्रणात केलेल्या बेलूसोव-झाबोतिन्स्की या दोलणाऱ्या अभिक्रियेत (ती पायरी ८ मध्ये येईल) त्या दाखवल्या.

एक मोह टाळा. अल्फा आणि बीटा समान घेतले की (अल्फा − बीटा) शून्य होतो आणि हात वळतच नाहीत. गाभ्यापासून सरळ किरण निघालेले दिसतात. सोपं पडेल म्हणून दोन्ही १ घेणारे बरेच जण इथे अडकतात.

पायरी ५: मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका

तीन वाटांनी तीच गोष्ट मोजा.

गाभ्यापासून दूर, गडग्यापासूनही दूर, हाताच्या मधोमध |अ| वाचा. समजा ०.९५ आला. मग क² = १ − ०.९०२५ = ०.०९७५, क सुमारे ०.३१ आणि तरंगलांबी सुमारे २०. आता चित्रात दोन वळणांमधलं अंतर मोजपट्टीने मोजा. तेही २० च्या आसपास यायला हवं. शेवटी एका बिंदूवरची फेज वेळेसोबत नोंदवा. अल्फा ०, बीटा १ असताना वारंवारिता ०.९०२५ येईल, म्हणजे एका फेरीला सुमारे ७ एकक वेळ. तिन्ही जुळले तर कोडवर विश्वास ठेवा. दोन जुळले आणि एक नाही तर बहुतेक वेळा पाऊल मोठं असतं. जाळीचं अंतर निम्मं आणि पाऊल चौथाई करून पुन्हा मोजा.

गाभे मोजायला डोळे वापरू नका. जाळीच्या प्रत्येक लहान चौकोनाभोवती चार कोपऱ्यांच्या फेजमधले फरक घ्या, प्रत्येक फरक अर्ध्या आवर्तनाच्या आत आणा आणि बेरीज करा. शून्य आली तर काही नाही. एक पूर्ण आवर्तन आलं तर गाभा, आणि चिन्हावरून तो कुठल्या बाजूला फिरतो तेही कळतं. गाभ्यांची संख्या वेळेसोबत काढलेला आलेख सुंदर चित्रापेक्षा जास्त बोलतो.

पायरी ६: चक्री टिकते की नुसती टिकल्यासारखी दिसते

या पायरीसाठीच मी हा लेख लिहायला बसलो. इथे घाई करू नका.

सपाट लाट हलक्या धक्क्याने मोडेल का, याची पहिली कसोटी एकहाउस कसोटी. हा आकडा काढा:

१ + अल्फा × बीटा − २ × क² × (१ + बीटा²) ÷ (१ − क²)

तो धन असेल तर लांब तरंगांचे धक्के विझतात, ऋण असेल तर वाढतात. पायरी ५ मधल्या समजा-आकड्यांनी तो सुमारे ०.५७ येतो, म्हणजे ठीक. क शून्य धरला तर फक्त १ + अल्फा × बीटा उरतं. तेच ऋण झालं तर कुठलीच सपाट लाट स्थिर राहत नाही. ही बेंजामिन-फाइर सीमा.

माझी चूक अशी झाली. मी सीमेजवळचे आकडे घेतले होते. कसोटी ऋण येत होती, पण पडद्यावरची चक्री अगदी शांत होती. मी अहवालात लिहिलं, "चक्री स्थिर आहे, कसोटी अंदाजापुरतीच." तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच विचारलं, "पेटी केवढी होती, आणि किती वेळ चालवलीत?" पेटीची बाजू ३२ होती. परतल्यावर त्या रात्री पेटी चौपट केली. गाभ्याजवळ चक्री तशीच शांत राहिली, पण बाहेरचे हात थरथरले, वळणं कुठे दाट कुठे विरळ झाली आणि कडेजवळ नवे गाभे फुटायला लागले.

कारण समजायला पावसाळ्यातला आपला पऱ्या डोळ्यांसमोर आणा. वाहत्या पाण्यात मूठभर भाताचा तूस टाका. तूस पसरतो, पण पसरता पसरता वाहूनही जातो. प्रवाह जोरात असेल तर तुम्ही उभे आहात तिथलं पाणी थोड्याच वेळात स्वच्छ होतं, तूस खाली कुठेतरी पसरत असतो. प्रवाह मंदावला तर तोच तूस उलटा तुमच्या पायांपर्यंत येतो. लाटेवरचा धक्का तसाच वागतो. तो वाढतो, आणि वाढता वाढता गटवेगाने बाहेर वाहतोही. वाहणं वाढण्याला मागे टाकत असेल तर एका जागी उभं राहून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं. ही वाहती अस्थिरता. वाढणं वाहण्याला मागे टाकून उलट गाभ्याकडे येऊ लागलं की ती निरपेक्ष अस्थिरता, आणि तेव्हाच चक्री गाभ्यापर्यंत मोडते.

म्हणजे एकहाउस कसोटी ऋण झाली की चक्री लगेच जाते असं नाही. मधे एक पट्टा असतो. तिथे लहान पेटी तुम्हाला फसवते, आणि फसवताना अगदी सुंदर चित्र देते.

या पट्ट्यात काय करायचं:

पेटी दुप्पट करा, मग चौपट. गाभा मधोमध ठेवा.

वेळ हिशोबाने ठरवा. गटवेग काढा. वरच्या समजा-आकड्यांनी तो सुमारे ०.६२ येतो. अर्धी पेटी ६४ असेल तर धक्क्याला गाभ्यापासून कडेपर्यंत जायलाच १०० एकक वेळ लागतो. शंभरावर रन थांबवून "स्थिर" लिहिणं म्हणजे पाहुणा एस्टीतून उतरायच्या आधीच दार लावून घेणं. निदान पाच-सहा पट वेळ चालवा.

मुद्दाम आवाज (नॉइज) घाला. प्रत्येक पावलाला प्रत्येक बिंदूवर अगदी लहान यादृच्छिक धक्का द्या. एकदा एक हजारांशाचा, एकदा दहा लाखांशाचा. वाहत्या अस्थिरतेत धक्का जितका लहान, तितका तो दिसण्याइतका वाढेपर्यंत लांब वाहत जातो, म्हणून चक्रीचं शाबूत वर्तुळ मोठं राहतं. धक्का दहापट लहान केला की त्रिज्या दर वेळी साधारण तेवढ्याच अंतराने वाढते, दहापट होत नाही. त्रिज्या विरुद्ध धक्क्याचा लॉगॅरिदम असा आलेख काढा. सरळ रेघ आली तर अस्थिरता वाहतीच आहे याचा तो चांगला पुरावा. निरपेक्ष अस्थिरतेत आवाज कमी करूनही वर्तुळ वाचत नाही.

शेवटी दुसरं टोक बघून घ्या. अल्फा २, बीटा −१ घ्या, पाऊल ०.००५. १ + अल्फा × बीटा इथे −१ येतं. गाभे सतत जन्मतात, भेटतात, विझतात. एकही चक्री नीट वाढत नाही. याला दोष-अशांती म्हणतात, म्हणजे गाभ्यांचीच खळबळ. पायरी ५ मधली गाभ्यांची गणती इथे उपयोगी पडते. संख्या एका सरासरीभोवती कायम वरखाली होत राहते.

हे नुसतं संगणकावरचं नाही. ऊयांग आणि फ्लेसेल यांनी १९९६ साली जेलच्या पातळ थरातल्या रासायनिक अभिक्रियेत सर्पिल लाटांपासून दोष-अशांतीपर्यंतचा प्रवास दाखवला आणि त्यामागे वाहती अस्थिरता असल्याचं मांडलं.

पायरी ७: मोडण्याची जागा लिहून ठेवा

"चक्री मोडली" एवढंच लिहिलंत तर काहीच लिहिलं नाहीत. कुठे मोडली ते लिहा.

गाभ्यापासून लांब मोडली तर वरचीच गोष्ट, हातांची अस्थिरता. गाभ्याजवळ मोडली तर कारण वेगळं. उत्तेजनक्षम माध्यमात चक्रीचं टोक भटकतं, फुलाच्या पाकळ्यांसारखी नक्षी काढतं. टोक ज्या दिशेला सरकतं तिकडची वळणं दाट होतात, आणि पुढची लाट आधीच्या लाटेच्या राखेत शिरून विझते. गवताची उपमा आठवा. रेघ तुटली की तिच्या दोन्ही टोकांशी नव्या चक्र्या वळायला लागतात. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत अशी तुटातूट होणं हे जीवघेण्या फिब्रिलेशनचं, म्हणजे हृदयाच्या बेताल थरथरीचं, एक मुख्य स्पष्टीकरण मानलं जातं.

तिसरी शक्यता म्हणजे गाभा स्वतःच सरकायला लागणं. आपल्या समीकरणात अल्फा खूप मोठा केला की गाभा जागेवर राहत नाही, आपणहून वेग घेतो. मी यात फार खोल गेलो नाही. पहिल्या प्रोजेक्टला तुम्हीही जाऊ नका.

पायरी ८: ताटलीत बघायचं असेल तर

संगणकावरचं महिनाभर बघून झालं की खरी लाट बघावीशी वाटतेच, आणि बघावी. त्यासाठी बेलूसोव-झाबोतिन्स्की अभिक्रिया घ्यायची. बोरिस बेलूसोव यांना ही दोलणारी अभिक्रिया १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सापडली. कोणी विश्वास ठेवेना, नियतकालिकांनी लेख परत केला, आणि १९५९ साली एका परिषदेच्या संग्रहात छोटं टिपण तेवढं आलं. पुढे अनातोल झाबोतिन्स्की यांनी ते काम उचललं. १९७२ साली आर्थर विन्फ्री यांनी पातळ थरातल्या सर्पिल लाटांचं वर्णन केलं.

साहित्य: ६७ मिली ऊर्ध्वपातित पाण्यात २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल (आम्ल पाण्यात, कधीही उलट नाही), त्यात ५ ग्रॅम सोडियम ब्रोमेट. वेगळ्या बाटलीत १ ग्रॅम सोडियम ब्रोमाइड १० मिली पाण्यात. तिसरीत १ ग्रॅम मॅलोनिक आम्ल १० मिली पाण्यात. आणि ०.०२५ मोलर फेरॉइन (लाल-निळा रंग बदलणारा दर्शक).

९ सेंटिमीटरच्या पेट्री डिशसाठी पहिल्यातलं ६ मिली, ब्रोमाइड अर्धा मिली, मॅलोनिक १ मिली. ब्रोमीनचा पिवळट-तपकिरी रंग येतो. तो पूर्ण जाईपर्यंत थांबा, मग फेरॉइन १ मिली. थर सुमारे १.३ मिलिमीटर जाडीचा होतो. लाल पार्श्वभूमीवर निळी वर्तुळं उमटली की डिश हळूच कलती करून पुन्हा सपाट ठेवा. वर्तुळं तुटतात आणि तुटक्या टोकांशी चक्र्या वळतात.

ब्रोमीनची वाफ घातक आहे. हे काम फ्यूम हुडखाली, हातमोजे आणि चष्मा घालून, शिक्षकांसमोरच करा. घरी नाही. उरलेलं द्रावण प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे टाका. ते विहिरीजवळ किंवा पऱ्यात जाता कामा नये.

आपल्या किनाऱ्यावरचा खास सापळा म्हणजे क्लोराइड. ही अभिक्रिया क्लोराइडने बिघडते. समुद्राजवळच्या विहिरींना मचूळपणा असतो, त्या पाण्याने विसळलेली डिशसुद्धा प्रयोग बुडवू शकते. आमच्या पहिल्या तीन डिश नुसत्या लाल राहिल्या. शेवटी सगळी काचसामग्री ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुतली तेव्हा निळं उमटलं. मे महिन्याच्या घामाचे हातही द्रावणाला लागू देऊ नका.

डिशवर झाकण ठेवा आणि पंखा बंद करा. उघड्या पृष्ठभागावरून पाणी उडून वरचा थर थंड होतो, द्रवात प्रवाह सुरू होतात आणि जाळीसारखी नक्षी येते. तिचा तुमच्या लाटांशी संबंध नसतो. उकाड्यात अभिक्रिया भराभर होते आणि बुडबुडे लवकर धरतात, म्हणून शक्यतो सकाळी करा.

आणि ध्यानात ठेवा, ही कृती मुख्यतः उत्तेजनक्षम माध्यमाची आहे. डिशमधल्या चक्रीचे फोटो काढून ते अल्फा-बीटाच्या चित्रांशेजारी "तेच हे" म्हणून चिकटवू नका. त्यांचं नातं सांगा, फरकही सांगा.

पायरी ९: नोंद

प्रत्येक रनखाली वहीत हे लिहा: अल्फा, बीटा, पेटीची बाजू, जाळीचं अंतर, पाऊल, एकूण वेळ, कड कुठली, आवाज किती, यादृच्छिक संख्यांचं बीज (सीड) कुठलं. बीज लिहिलं नाही तर आलेलं चित्र पुन्हा आणता येत नाही. माझं सगळ्यात चांगलं चित्र असंच गेलं.

सगळ्यात मोठी पेटी गणपतीच्या सुट्टीसाठी राखून ठेवा. कॉलेजचा संगणक त्या दिवसांत मोकळा असतो. विभागाला आधी सांगून ठेवा, इन्व्हर्टर तपासा, दर दोन हजार पावलांना फाईल उतरते आहे ना ते स्वतः बघा आणि मगच घरी निघा. अहवालात स्थिर चक्रीचं चित्र लावाल तिथे त्याच पानावर दुप्पट पेटीचं आणि आवाज घातलेलं अशी आणखी दोन चित्रं लावा, आणि तिन्हींखाली एकूण वेळ लिहा.